गावठी कोंबडी, संकर आणि अंड्यांची वाढ
(मंडणगड तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आज मी जो विषय आपणांपुढे मांडणार आहे, त्याचा स्वतंत्र धडा पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही. परंतु आपल्या शाळेत येणाऱ्या पुष्कळ मुलांना तो रोज पहाटे आरवून जागे करतो. घरामागच्या परड्यात चार-सहा कोंबड्या नाहीत अशी घरे आपल्या तालुक्यातील वाड्यांवर थोडीच असतील. त्या कोंबड्या बहुधा घरातील बाईच्या मालकीच्या असतात. अंडी विकून आलेला पैसाही तिच्याच हाती राहतो आणि त्यातून वही, पेन्सिल, औषध असा किरकोळ खर्च भागतो. म्हणून या कोंबड्या अधिक अंडी कशी देतील, हा प्रश्न क्षुल्लक नाही. मुलाच्या ताटाशी आणि त्याच्या आईच्या हातातील चार पैशांशी त्याचा थेट संबंध आहे.

अधिक अंड्यांसाठी ‘संकर करा’ असा उपदेश आपण अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. उपदेश खरा आहे, परंतु तो अर्धाच सांगितला जातो. उरलेला अर्धा भाग न कळल्यामुळे पुष्कळ ठिकाणी पहिल्या वर्षी उत्साह, दुसऱ्या वर्षी शंका आणि तिसऱ्या वर्षी ‘हे आपल्या गावात चालायचे नाही’ असा निष्कर्ष, असा क्रम घडतो. तो टळावा आणि तो टाळण्यात शिक्षकाचा हातभार लागावा, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

गावठी कोंबडीचे वर्ष

गावठी कोंबडी वर्षाला साधारणपणे ५० ते ६० अंडी देते. हा आकडा ऐकताच आपण तिला आळशी ठरवितो. तिचे वर्ष नीट मांडून पाहिले तर निराळेच चित्र दिसते. समजा, एका खेपेस ती २० दिवसांत १५ अंडी घालते. नंतर ती खुडूक होते आणि रवणावर बसते. पिल्ले बाहेर पडण्यास २१ दिवस लागतात. पुढे सुमारे ५० दिवस ती पिल्लांना घेऊन हिंडते, त्यांना दाणा टिपावयास शिकविते, घारीपासून राखते. या काळात ती अंडे देत नाही. २०, २१ आणि ५० मिळून ९१ दिवस झाले. अशा ४ खेपांत ३६४ दिवस, म्हणजे एक वर्ष संपते आणि अंडी होतात ६०. ही बेरीज चौथीच्या मुलालाही करता येईल.

यावरून दिसून येईल की वर्षातील ८० दिवसच ती अंडी घालते. उरलेला काळ तिचे आईपण घेते. शिवाय प्रत्येक खेपेस १२ अंडी रवणाला ठेवली तर ४८ अंडी त्यात जातात आणि घरात खाण्यास वा विकण्यास वर्षाकाठी १२च उरतात. म्हणून संकराच्याही आधी एक बिनखर्चाची सुधारणा करता येते. प्रत्येक खेपेस रवण घालू नये. पिल्लांची गरज नसेल तेव्हा खुडूक कोंबडीला उजेड व वारा असलेल्या जागी, जमिनीपासून उंच टांगलेल्या, फटी असलेल्या डालग्यात दाणापाण्यासह चार-पाच दिवस ठेवावे. पोटाखाली ऊब मिळाली नाही म्हणजे तिची खुडूक मोडते आणि काही दिवसांनी ती पुन्हा अंड्यावर येते. तिला थंड पाण्यात बुडविण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यावी. त्या रीतीत कोंबडीचे हाल होतात आणि ती आजारीही पडते.

संकर म्हणजे काय?

जगातील अधिक अंडी देणाऱ्या जाती माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून घडविल्या आहेत. इटलीतील लेगहॉर्न बंदराच्या नावाने ओळखली जाणारी पांढरी लेगहॉर्न आणि अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील तांबडी ऱ्होड आयलंड रेड या त्यांतील प्रसिद्ध होत. या दुसऱ्या जातीच्या घडणीत मलय व चिनी कोंबड्यांचेही रक्त आहे. म्हणजे जी परदेशी म्हणून आपल्याकडे आली, तिचे काही पूर्वज पूर्वेकडचेच होते. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा होय. परंतु आपल्या सह्याद्रीच्या रानात आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याचाही या वंशात वाटा आहे. पुष्कळ पाळीव कोंबड्यांचे पाय व कातडी पिवळी असते, तो गुण करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तेव्हा मिश्रण ही कोंबडीच्या इतिहासातील नवी गोष्ट नव्हे.

निवडीने घडलेल्या या जातींतून खुडूक होण्याची प्रवृत्ती जवळजवळ गेली आहे. त्यामुळे त्यांचे आईपणाचे दिवस वाचतात. व्यापारी पद्धतीने पाळलेली, लेगहॉर्न रक्ताची कोंबडी वर्षाला ३०० च्या घरात अंडी देते. परंतु ती मोजलेले खाद्य, ठराविक प्रकाश आणि बंदिस्त घर मागते. तिला आपल्या परड्यात मोकळी सोडली तर पांढऱ्या रंगामुळे ती घारीच्या दृष्टीस लगेच पडते आणि रोगांपुढे व पावसापुढे टिकत नाही. उलट गावठी कोंबडी रंगाने पाचोळ्यात मिसळते, उडून झाडावर चढते, किडे, दाणे, पाला यांवर स्वतःचे पोट भरते. एकीत अंडी आहेत, दुसरीत तग आहे. या दोहोंचा मेळ घालण्याचा यत्न म्हणजे संकर.

संकर दोन मार्गांनी आपल्या दारी येतो. पहिल्या मार्गात शुद्ध जातीचा नर, उदाहरणार्थ ऱ्होड आयलंड रेड, आणून तो गावठी कोंबड्यांत सोडावयाचा. दुसऱ्या मार्गात संशोधन संस्थांनी सिद्ध केलेल्या परसातील वाणांची पिल्ले वा तलंगा विकत आणावयाच्या. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ हे वाण तयार केले. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात ‘गिरिराज’ सिद्ध झाला. परड्यातील संगोपनात वनराजा वर्षाला १०० ते ११० आणि ग्रामप्रिया १६० ते १८० अंडी देते, असे या वाणांविषयी सांगितले जाते. वनराजा अंगाने भारी असून मांस व अंडी या दोन्हींसाठी आहे. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी आहे. या वाणांचे रंग मुद्दाम गावठीसारखे राखले आहेत, त्याचे कारण आपण वर पाहिलेच. महाराष्ट्रात शासकीय योजनांतून १०० एकदिवसीय पिल्लांचे, तसेच २५ तलंगा व ३ नर अशा गटांचे वाटप झालेले आहे.

पहिली पिढी आणि दुसरी पिढी

आता जो अर्धा भाग सांगितला जात नाही, त्याकडे वळू. दोन भिन्न वंशांच्या मीलनातून आलेली पहिली पिढी पुष्कळदा विशेष जोमदार निघते. अंड्यांची संख्या, पिल्लांचा तग, कोंबडीचे आयुष्य अशा बाबतींत हा जोम विशेष दिसतो. परंतु तो पहिल्या पिढीचा असतो. याच संकरित कोंबड्यांची अंडी त्यांच्याच भावंडांच्या संयोगातून घेऊन उबविली, तर दुसऱ्या पिढीत हा जोम जवळपास निम्म्याने उतरतो आणि गुणांची फाटाफूट होते. एक पिल्लू आजीवर जाते, दुसरे आजोबावर, तिसरे कोणावरच नाही. विकत आणलेल्या वाणांची गोष्टही अशीच आहे. ग्रामप्रियाची अंडी घरी उबवून निघालेल्या तलंगा ग्रामप्रियाइतकी अंडी देतील ही अपेक्षा व्यर्थ होय. भाताचे संकरित बी दरवर्षी नवे का घ्यावे लागते, हे आपल्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. कोंबडीचा न्याय त्याहून निराळा नाही. एवढी एक तुलना सभेत सांगितली तरी पुष्कळ गैरसमज दूर होतील.

हे का घडते, हे मुलांना शिकविण्याची ही सुरेख संधी आहे. मेंडेल याने वाटाण्यावरील आपले निष्कर्ष १८६६ साली प्रसिद्ध केले. जगाचे लक्ष त्यांकडे १९०० साली गेले. हेच नियम प्राण्यांनाही लागू आहेत हे इंग्लंडमधील बेटसन या शास्त्रज्ञाने १९०२ साली दाखविले, ते कोंबड्यांवरूनच. रुंद, गुलाबासारखा दाट तुरा असलेला शुद्ध वंश आणि साधा एकेरी तुरा असलेला वंश यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सर्वांना दाट तुरा येतो. त्या पिढीचा आपसात संकर केला म्हणजे दुसऱ्या पिढीत सरासरीने तीनांस दाट व एकास एकेरी तुरा येतो. लपलेला गुण नाहीसा झालेला नसतो. आपापल्या वाडीतील कोंबड्यांचे तुरे मोजून मुलांनी तक्ता करावा. शास्त्राचा याहून स्वस्त तास दुसरा नसेल.

नराचे महत्त्वही मुलांच्या ध्यानी आणून द्यावे. नर अंडे देत नाही, म्हणून तो कसाही चालेल असे लोक मानतात. वास्तविक प्रत्येक तलंगेचे अर्धे रक्त नराकडून येते. ८ ते १० कोंबड्यांना एक नर पुरतो. म्हणजे एक कोंबडी वाईट निघाली तर तिच्यापुरते नुकसान होते, नर वाईट निघाला तर सगळ्या घराचे होते.

अपूर्णांकाचा पाठही येथे आपोआप मिळतो. शुद्ध नर व गावठी मादी यांच्या पिल्लांत सुधारित रक्त एक-द्वितीयांश. त्या तलंगांना पुन्हा दुसरा शुद्ध नर दिला की तीन-चतुर्थांश, पुढे सात-अष्टमांश. परंतु जसजसा हा अपूर्णांक एकाच्या जवळ जातो, तसतशी कोंबडी खाद्य, निवारा व औषध अधिक मागू लागते. ज्या घरी हे पुरविण्याची सोय नाही, तेथे अर्ध्यावर थांबणे शहाणपणाचे. चांगल्या निगराणीत अशी अर्धी कोंबडीही शंभरीच्या पुढे जाते.

एका घराचे काम नव्हे

आपल्या वाडीत घराला कुंपण असले तरी कोंबड्याला ते मान्य नसते. एका घराने उत्तम नर आणला आणि शेजारचे चार गावठी नर मोकळे राहिले, तर पिल्ले कोणाची निघाली हे कोण सांगणार? शिवाय मादीच्या शरीरात नराचे बीज दोन आठवडे वा त्याहूनही अधिक काळ जिवंत राहते. म्हणून जुने नर काढल्यावर निदान तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि नंतरचीच अंडी रवणाला ठेवावीत. हाच नर पुढे आपल्याच मुलींत राहू नये, यासाठी वर्ष-दीड वर्षाने दूरच्या वाडीशी नरांची अदलाबदल करावी. ही सर्व कामे वाडीने मिळून करावयाची आहेत. नर देऊन योजना संपत नाही. तेथून ती सुरू होते.

लसीचेही तसेच आहे. कोंबड्यांचा मानमोडी रोग वाडीत शिरला की आठवड्यात खुराडी रिकामी होतात. कुमाऊँ डोंगरातील राणीखेत येथे १९२७ च्या सुमारास हा रोग नोंदला गेला, म्हणून त्यास राणीखेत रोग म्हणतात. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे तो १९२६ साली आढळला होता. लागण झाल्यावर त्यास औषध नाही; आधी दिलेली लस हाच उपाय. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकपुडीत थेंब, पुढे पशुवैद्यकाच्या सांगण्यावरून दुसरी मात्रा आणि ८ ते १० आठवड्यांच्या वयात टोचून लस, असा साधारण क्रम आहे. लस थंडाव्यात आणावी लागते, आणि एक कुपी १०० किंवा अधिक पक्ष्यांची असून एकदा कालविल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या मालकाला ती एकट्याने परवडत नाही. वाडीने एक दिवस ठरवून पहाटे सर्व कोंबड्या डालग्यांतच राखल्या, तर एका कुपीत सगळ्यांचे काम होते. तो दिवस ठरविण्यास आणि घरोघर निरोप पोहोचविण्यास शाळेइतकी सोयीची जागा दुसरी कोणती?

कोकणातील निगा

आपल्या तालुक्यात चार महिने धो धो पाऊस. खुराडे जांभ्याच्या चिऱ्यांवर वा खांबांवर उंच असावे, वारा खेळता असावा, पश्चिमेकडून झड येऊ नये. तळाला भाताचे तूस पसरून ते वरचेवर हलवावे. ओले झाले की काढून टाकावे. मुंगूस व साप यांचा शिरकाव होऊ नये म्हणून फटी बारीक जाळीने बंद कराव्यात.

संकरित कोंबडी केवळ उकिरडा उकरून अंडी देणार नाही. दिवसाकाठी ३० ते ५० ग्रॅम पुरवणी खाद्य तिला हवे. तांदळाची कणी, ताजा कोंडा, नाचणी, आणि थोडा सुक्या मासळीचा चुरा, हे पदार्थ आपल्याकडे मिळतात. मासळी फार झाली तर अंड्याला वास येतो. पावसात कोंड्याला बुरशी लागते आणि तिचे विष कोंबडीच्या यकृताला मारक ठरते. वास आलेला कोंडा स्वस्त मिळाला तरी घालू नये.

आता कवचाचा हिशेब पाहा. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. कोंबडीच्या साऱ्या हाडांत मिळून ते सुमारे २० ग्रॅमच असते. १५० अंडी देणाऱ्या कोंबडीला वर्षात ३०० ग्रॅम कॅल्शियम कवचासाठीच बाहेर टाकावे लागते. म्हणजे आपल्या सांगाड्याच्या पंधरा पट! हे खाद्यातून मिळाले नाही तर आधी कवच पातळ होते आणि मग कोंबडी बसते. याचा उपाय आपल्या बाणकोटच्या आणि वेळासच्या किनाऱ्यावर पडला आहे. तिसऱ्या व कालवे यांच्या शिंपल्या धुऊन, भाजून, जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेवाव्यात. कोंबडी गरजेपुरत्या स्वतःच टिपते.

गावठीला निरोप देऊ नका

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. सर्वच घरांनी गावठी कोंबड्या काढून संकरित आणल्या, तर रवणावर बसणार कोण? संकरित कोंबडी सहसा खुडूक होत नाही. मग प्रत्येक पिल्लासाठी तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी धाव घ्यावी लागेल, आणि ज्या वर्षी पिल्ले मिळणार नाहीत त्या वर्षी खुराडे ओस पडेल. शिवाय शेकडो पिढ्यांच्या पावसात, रोगांत, घारी-मुंगुसांत तावून निघालेले हे रक्त एकदा गेले की कोणत्याही उबवणी केंद्रात परत मिळणार नाही. म्हणून प्रत्येक वाडीने उत्तम आईपण करणाऱ्या, बरी अंडी देणाऱ्या काही गावठी कोंबड्या आणि एक-दोन निवडक गावठी नर वेगळे राखावेत. शुद्ध नराचा मार्ग धरणाऱ्यांना तर याच माद्यांतून दरवेळी पहिली पिढी मिळवावयाची आहे. गावठी कोंबडी हा संकराचा पाया आहे. पाया उपटून वरचा मजला राहत नाही.

शाळेने काय करावे?

आपणांवर आधीच पुष्कळ कामे आहेत, हे मी जाणतो. म्हणून तीनच गोष्टी सुचवितो.

पहिली, अंड्यांची वही. ज्या मुलांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी रोज कोंबड्यांची संख्या, अंडी, खुडूक कोंबड्या व लसीचा दिवस लिहावा. महिनाअखेर शेकडेवारी काढावी. समजा, ४ कोंबड्यांनी ३० दिवसांत ५४ अंडी दिली. ४ गुणिले ३० म्हणजे १२० कोंबडी-दिवस. ५४ भागिले १२० म्हणजे शेकडा ४५. गावठी व संकरित यांचे आकडे वेगळे काढले की वाद मिटतो. ज्यांच्या घरी कोंबड्या नाहीत वा अंडे वर्ज्य आहे, त्या मुलांनी फळ्यावरचा हिशेब सांभाळावा. कोणाच्याही घरच्या आचाराला धक्का लागू देऊ नये.

दुसरी, अंडे पाहण्याचा प्रयोग. रवणाला ठेवलेले अंडे सातव्या दिवशी अंधारात विजेरीवर धरले तर आत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. निष्फळ अंडे कोरेच राहते. रवणासाठी अंडे सात दिवसांपेक्षा जुने नसावे, धुतलेले नसावे, आणि साठविताना निमुळते टोक खाली असावे, हे याच वेळी सांगावे.

तिसरी, पालकसभेत, विशेषतः मातांच्या सभेत, पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्यांना वर्षातून एकदा बोलवावे. कोंबड्यांची खरी मालकीण त्या सभेत असते. योजनेचा अर्ज पुरुषाच्या नावाने आणि राबणूक बाईची, असे होऊ देऊ नये.

देशात २०२२-२३ साली १३८ अब्जांहून अधिक अंडी झाली, म्हणजे माणशी वर्षाला १०१. परंतु ही सरासरी आहे. त्यातील बहुतांश अंडी मोठ्या कुक्कुटशाळांत होतात आणि बाजाराच्या वाटेने जातात. दूरच्या वाडीवरील मुलाच्या वाट्याला त्यातली किती येतात, हे आपण मधल्या सुटीत त्याच्या डब्यात पाहू शकता. ५० ग्रॅमच्या एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिन असते. ते अंडे त्या मुलाच्याच परड्यात निर्माण व्हावे, आणि विकून उरावे, एवढे हे छोटे काम आहे. ते नराच्या वाटपाने वा एका भाषणाने होणार नाही. वही, लस, शिंपली आणि शेजाऱ्यांची एकवाक्यता यांनी ते होईल. या चारही गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत.